सावकाश सरांचे व्हिडिओ

व्हिडिओ चालत नाही, ही आमच्या धंद्यातली सर्दी आहे. रोज कुणाला ना कुणाला झालेली असते आणि औषधही ठरलेलं असतं. मी दुकानांच्या, दवाखान्यांच्या, शिकवण्या घेणाऱ्यांच्या वेबसाइट सांभाळते. पान उघडतं, मजकूर दिसतो, फोटो दिसतात, आणि जिथे व्हिडिओ हवा तिथे नुसता काळा चौकोन. मग माझा फोन वाजतो. मी एकेक विचारत जाते. दुसऱ्या ब्राउझरवर बघितलंत का? जाहिराती अडवणारं काही बसवलंय का? ऑफिसच्या नेटवर आहात का? कॅश क्लिअर केली का? यावर एका गृहस्थांनी मला अभिमानाने सांगितलं होतं, की आम्ही कॅश ठेवतच नाही, सगळं ऑनलाइन घेतो.

कारण सापडतंच. कधी पानाचा पत्ता नव्या, सुरक्षित पद्धतीचा असतो आणि आत बसवलेल्या व्हिडिओचा जुना. ब्राउझर त्याला दारातच अडवतो. कधी पत्त्यातलं एक अक्षर गळलेलं असतं. कधी व्हिडिओ ज्याचा आहे त्यानेच तो खासगी करून ठेवलेला असतो आणि विसरलेला असतो. बिनकारणाचा बिघाड मी तोवर पाहिलेला नव्हता. हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं ऐकून मला कुणी भोळी समजू नये.

त्या सकाळी वहिनींचा फोन आला. "अगं, ह्यांचे व्हिडिओ लागत नाहीयेत," त्या म्हणाल्या. आवाज नेहमीसारखाच, काम सांगणारा. मी कामाच्या गडबडीत होते. बघते म्हटलं, आणि फोन ठेवल्यावर मग माझ्या लक्षात आलं, की सर गेल्यापासून वहिनींनी मला पहिल्यांदाच फोन केला होता.

सर म्हणजे वहिनींचे यजमान, फिजिओथेरपिस्ट. माझ्या बाबांना अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात मांडीवर ठेवलेल्या वस्तूसारखा झाला, तेव्हा कुणीतरी त्यांचं नाव सुचवलं. उंच, जरा पोक काढून चालणारा माणूस, पंजे मोठे, आवाज मऊ. पेशंट त्यांना 'सावकाश सर' म्हणायचे, कारण कुणी घाई केली की ते म्हणायचे, "सावकाश. आपल्याला गाडी पकडायची नाहीये." बाबा कुणाचं ऐकणाऱ्यातले नाहीत. सरांचं मात्र ऐकायचे.

घरी गेल्यावर पेशंट निम्मे व्यायाम विसरतात आणि उरलेले चुकीचे करतात, अशी सरांची तक्रार होती. म्हणून त्यांनी माझ्याकडून वेबसाइट करून घेतली आणि प्रत्येक व्यायामाचा एकेक छोटा व्हिडिओ तिच्यात बसवायला सांगितला. दुपारी शेवटचा पेशंट गेला की सर त्यांच्या उपचाराच्या खोलीत खिडकीपाशी उभे राहायचे आणि वहिनी सरांच्याच फोनवर शूटिंग करायच्या. हात असा उचला. खांदा कानाकडे नेऊ नका. एक, दोन, सावकाश. मग एका संध्याकाळी दुचाकीवरून घरी येताना त्यांना ट्रकने उडवलं. खिशातला फोनही गेला. त्यांचे हलते-बोलते असे जे काही राहिले, ते मी वेबसाइटवर चढवलेले तेवढे व्हिडिओ.

मी माझ्या कॉम्प्युटरवर पान उघडलं. सगळे व्हिडिओ व्यवस्थित चालत होते. वहिनींना फोन करून नेहमीची औषधं सांगितली. त्यांनी सगळी केली. संध्याकाळी परत फोन आला. नुसतं गोल गोल फिरतंय, म्हणाल्या. मी उद्या येते म्हटलं.

सरांचं घर आणि दवाखाना एकच. पुढची मोठी खोली उपचाराची, मागे दोन खोल्या राहायच्या. वहिनींनी पुढची खोली होती तशी ठेवली होती. भिंतीला रबरी पट्टे टांगलेले, कोपऱ्यात मोठा निळा चेंडू, आता जरा मऊ पडलेला, भिंतीलगत पेशंटनी धरून चालायची लाकडी दांडी, मधोमध हात लागून लागून गुळगुळीत झालेली. खिडकीपाशी टेबलावर वहिनींचा लॅपटॉप उघडा होता. पानावर काळा चौकोन आणि त्यात फिरणारी गोल रेघ.

मी आतली तपासणीची खिडकी उघडली. पान व्हिडिओ कुठून मागतंय, समोरून उत्तर काय येतंय, हे तिथे ओळीने दिसतं. चूक एकही नव्हती. मागणी जात होती, उत्तर येत होतं, व्हिडिओचा सगळा ऐवज पूर्णपणे येऊन पोचत होता. नळाला पाणी आहे, बादली भरतेय, आणि बादलीत बघावं तर कोरडी, असा प्रकार. मी दुसरा ब्राउझर टाकला. मग तिसरा. माझ्या फोनचं नेट जोडून पाहिलं. शेवटी माझा स्वतःचा लॅपटॉप बाहेर काढला, ज्यावर मी आदल्या दिवशी हेच व्हिडिओ बघितले होते, आणि वहिनींसमोर ठेवला.

काळा चौकोन. फिरणारी रेघ.

"राहू दे," वहिनी म्हणाल्या. "चहा ठेवते." त्या आत गेल्या. मी मान खाली घालून तारा चाचपत होते, आणि समोरून आवाज आला, "खांदा सैल. हं. आता हात पुढे." माझ्या लॅपटॉपवर सर उभे होते. मागे हीच खिडकी, भिंतीवर हेच पट्टे. मी वहिनींना हाक मारली. त्या हातातलं सोडून आल्या, दारात पाऊल टाकलं, आणि चित्र थांबलं. पुन्हा काळं.

स्वयंपाकघराचं दार लावल्या-उघडल्याने नेट कमी-जास्त होत असेल, असं मी म्हटलं. असं होतंही. मी दार उघडं ठेवलं, बंद ठेवलं, वहिनींना बाहेर थांबायला सांगितलं, आत बोलावलं. मग व्हिडिओ पेन ड्राइव्हवर उतरवला. तेव्हा नेटचा संबंधच उरला नव्हता. तरी तेच. त्या खोलीत आल्या की काळं. त्या गेल्या की सर.

वहिनींच्या हे माझ्या आधी लक्षात आलं होतं. त्यांनी मला आणखी काही करू दिलं नाही. चहाचा कप माझ्यापुढे ठेवला आणि टेबलाच्या पलीकडे बसल्या.

"तुला दिसतात ना?"

मी हो म्हटलं.

"कुठला शर्ट आहे?"

मी सांगितलं, निळसर, बारीक रेघांचा, बाह्या दुमडलेल्या. त्यांनी मान हलवली. तो शर्ट त्या दिवशी इस्त्रीचा नव्हता, म्हणून आपण कुरकुर केली होती, म्हणाल्या. मग मला एकेक विचारत राहिल्या. केस विंचरलेत का? हसतात का कुठे? सुरुवातीला हात चोळतात, तसे चोळतात का? मी आठवून आठवून सांगत गेले. त्या टेबलाकडे बघत ऐकत होत्या, गावाहून आलेल्या माणसाला घरच्यांची खुशाली विचारावी तशा. माझा चहा गार झाला. निघताना मी म्हटलं, काहीतरी तांत्रिकच असणार, शोधते मी. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. माझंच सांत्वन करावं तसा.

घरी येऊन मी झपाटल्यासारखी कामाला लागले. व्हिडिओ नव्या साच्यात रूपांतरित केले, जागा बदलली, पान नव्याने लिहिलं. ओळखीच्या जाणकारांना विचारलं. सगळ्यांना सगळीकडे दिसत होते. वहिनींना नाही.

याच दिवसांत मी बाबांकडे जरा लक्ष देऊन बघायला लागले. ते रोज सकाळी न्याहारीनंतर त्यांच्या खोलीत बसून सरांचा हाताचा व्हिडिओ लावायचे. मला ते ठाऊक होतं, पण त्यात बघण्यासारखं काय आहे? हात मात्र सुधारत होता. अंगठा वळायला लागला होता. एकदा त्यांनी शर्टाचं बटण स्वतः लावलं आणि दिवसभर छाती काढून घरात फिरले. डॉक्टरांनाही नवल वाटलं. बाबा म्हणाले, सर बारीक लक्ष देतात. काल म्हणे कोपर वर ठेवायला सांगितलं, आज खाली. मी मनात म्हटलं, म्हातारं माणूस आहे, वाटतं तसं.

मग टेलरबाईंचा फोन आला. सरांच्या जुन्या पेशंट, आयुष्यभर मशीनवर वाकून खांदा आखडलेला. वेबसाइटवरचा नंबर माझा असल्याने कौतुक करायलाही लोक मलाच फोन करतात. त्या म्हणाल्या, व्हिडिओ फार छान केलेत हो. मध्येच कुकरची शिट्टी झाली तर मी उठून जाते, परत येईपर्यंत थांबतात बिचारे.

मी विचारलं, व्हिडिओ थांबवण्याचं बटण दाबून जाता ना तुम्ही?

"कसलं बटण?" टेलरबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाबांच्या खोलीबाहेर उभी राहिले. दार लोटलेलं होतं. आतून सरांचा आवाज येत होता, तोच, मऊ. तो व्हिडिओ मी चढवताना, तपासताना, दुरुस्त करताना इतक्यांदा ऐकला होता, की त्यातला श्वासही मला पाठ होता. हात असा. मनगट सरळ. एक. दोन. मग सर म्हणाले, "आज बोटं सुजलेली दिसतायत. रात्री हातावर झोपलात वाटतं."

"हो ना," बाबा म्हणाले.

मी दार ढकललं. पडद्यावर सर मनगट सरळ धरून उभे होते. एक. दोन. पुढचं सगळं मला पाठ होतं तसंच झालं. बाबांची बोटं सुजली होती.

मी वहिनींना यातलं काही सांगितलं नाही. सांगायचं तरी काय, आणि कोणत्या तोंडाने? पण टेलरबाई त्यांच्या गल्लीतल्याच. आठवड्याच्या आत वहिनी आमच्याकडे आल्या. भरदुपारी, उन्हातून चालत, न कळवता. पाणी प्यायल्या, बाबांची तब्येत विचारली. मग बाबांनाच म्हणाल्या, मी तुमच्याबरोबर बसू का थोडा वेळ?

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मग आपल्या शेजारची खुर्ची पुढे ओढली, उजव्या हाताने. त्यांच्या हातून ती दोन वेळा निसटली, पण डावा हात त्यांनी लावला नाही.

व्हिडिओ लावला. काळा चौकोन. गोल रेघ फिरत राहिली. बाबा हात टेबलावर ठेवून वाट बघत होते. वहिनी पदर बोटाला गुंडाळत, सोडत बसल्या होत्या. बराच वेळ गेला. त्या उठल्या. "मी बाहेर थांबते," म्हणाल्या. "नुसता आवाज आला तरी चालेल मला."

त्यांनी बाहेर जाऊन दार ओढून घेतलं. दाराला पाठ टेकल्याचा आवाज मी ऐकला.

चित्र आलं. सर खिडकीपाशी उभे होते. नेहमी ते हात चोळून लगेच सुरुवात करतात. आज हात खालीच होते. ते आमच्याकडे बघत नव्हते. बाजूला बघत होते. आमच्या खोलीचं दार ज्या बाजूला आहे, त्या बाजूला.

"दाराशी आहे का ती?" सरांनी हळू आवाजात विचारलं.

"हो," बाबा म्हणाले.

सर तसेच दाराकडे बघत राहिले. त्यांचा चेहरा कसा होता, हे मला आजही नीट सांगता येत नाही. दवाखान्यात दुसऱ्याचं दुखणं बघताना त्यांचा असायचा तसाच, पण तिथे ते हात पुढे करायचे. इथे हात खालीच राहिले.

मग ते पडद्याजवळ सरकले आणि कुजबुजले, "तर मग आज हळू मोजू या."

संपूर्ण व्यायाम त्यांनी कुजबुजत करून घेतला. एक. दोन. नुसते ओठ हलावेत तसं. बाबाही कुजबुजत मोजत होते. मी भिंतीला टेकून उभी होते. शेवटी सरांनी बाबांकडे बघून मान हलवली, पुन्हा एकदा दाराकडे पाहिलं आणि चित्र संपलं.

मी बाहेर आले. वहिनी दाराशी होत्या.

"आवाज आला नाही," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, "आवाजाचा बिघाड दिसतोय."

त्यांनी मान डोलावली. चपला घालायला त्यांना फार वेळ लागला. एक पट्टा लावला, काढला, परत लावला. खाली बघतच म्हणाल्या, "बाबा कुणाला हो म्हणाले गं?"

 उत्तराची वाट न बघता त्या चालू लागल्या.

दोन-तीन दिवसांनी फोन करून त्यांनी मला सगळे व्हिडिओ काढून टाकायला सांगितलं. त्या रागावलेल्या असतील, दुखावलेल्या असतील, असं मला वाटलं होतं. तसं काही नव्हतं. म्हणाल्या, "त्यांना दमायला होत असेल. इथे होते तेव्हाही कधी सुट्टी घेतली नाही. अंगात ताप असला तरी पेशंट परत पाठवायचे नाहीत. आता तरी बसू देत."

मी लगेच हो म्हणू शकले नाही. माझ्यापुढे बाबांचा अंगठा होता, ते बटण होतं. आणखी थोडे महिने, तर त्यांनी स्वतःच्या हाताने घास घेतला असता. मी आज-उद्या करत राहिले. शेवटी बाबांना सांगून टाकलं, निर्णय त्यांच्यावर ढकलला म्हणा हवं तर. बाबांनी विचारही केला नाही. म्हणाले, माणूस तिचा आहे, ती म्हणेल तसं. फक्त उद्या सकाळी एकदा बसू दे मला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दार लावून घेतलं आणि मला लांब थांबायला सांगितलं. बाहेर आले तेव्हा डोळे पुसलेले होते. सर काय म्हणाले, हे मी विचारलं नाही. त्यांनीच सांगितलं. "म्हणाले, आता मोजायचं काम तुमचं."

त्याच दुपारी मी बसले. एकेक व्हिडिओ निवडायचा, काढायचा. प्रत्येक वेळी एक चौकट विचारते, कायमचं काढायचं का, परत मिळणार नाही. मी हो दाबत गेले. मग पानांमधून चौकोनांच्या जागाही पुसल्या. पेन ड्राइव्ह रिकामा केला. सगळं झाल्यावर पानांवर व्यायामांची नावं आणि खाली पांढरी मोकळी जागा एवढंच राहिलं. मी ती पानं कितीतरी ब्राउझरवर उघडून बघितली. काहीही नव्हतं. मला हलकं वाटायला हवं होतं. स्मशानातून आल्यासारखं वाटत होतं.

टेलरबाईंचा फोन आला, व्हिडिओ चालत नाही म्हणून. मी सांगितलं, काढून टाकले, वहिनींची तशी इच्छा होती.  टेलरबाई म्हणाल्या, "त्यांना नीट सांगितलंत ना, काढताना?" कुणाला, हे विचारायची गरज नव्हती.

बाबा अजूनही सकाळी टेबलाशी बसतात. मोठ्याने मोजतात. मी स्वयंपाकघरातून ऐकत असते आणि नको नको म्हणताना दुसरा आवाज शोधत असते. तो येत नाही. अंगठा आहे तिथेच थांबला आहे.

वहिनींकडे मी त्यानंतर एकदाच गेले. मध्ये बरेच दिवस त्यांनी फोन उचलले नव्हते. मग एका दुपारी त्यांचाच आला. आवाज इतका बदललेला, की आधी ओळखूच आला नाही. कितीतरी वर्षांनी लहान झालेला.

"लागला गं," त्या म्हणाल्या.

काय लागला, म्हटलं. त्या हसल्या आणि फोन ठेवला.

मी रिक्षा करून गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. पुढच्या खोलीत पडदे ओढलेले, बाहेर लख्ख ऊन असून आत अंधारलेलं. खोलीत बरेच दिवस झाडू फिरला नव्हता. धुळीत दारापासून टेबलापर्यंत पावलांची एक वाट तेवढी पडली होती. वहिनी लॅपटॉपसमोर बसल्या होत्या. बारीक झाल्या होत्या, पण कपडे नवे होते, केस नीट विंचरलेले, आणि जरा पावडरही लावलेली. त्यांनी मला हाताने खूण केली, ये, बस, बोलू नको.

मी त्यांच्या मागे जाऊन उभी राहिले. पडद्यावर मी रिकामं केलेलं पान होतं. वर व्यायामाचं नाव, खाली पांढरी मोकळी जागा. मी वाकून आतली तपासणीची खिडकी उघडली. पान काहीच मागत नव्हतं. कुठूनही काहीच येत नव्हतं.

"वहिनी," मी म्हटलं, "इथे काही नाहीये."

त्या ऐकत नव्हत्या. माझं नाही. कुणीतरी बोलत असताना आपण मान हलवतो, मध्येच हसतो, मग पुढचं ऐकायला थांबतो, तसं त्यांचं चाललं होतं. मी टेबलाच्या कडेला आले, त्यांचा चेहरा बघायला.

पान पांढरं होतं. त्यांच्या चेहऱ्यावरचा उजेड पांढरा नव्हता.

तो पिवळसर होता. दुपारी खिडकीतून येतो तसा. खोलीतले पडदे बंद होते. आणि त्या उजेडातून एक सावली इकडून तिकडे जात होती, परत येत होती, खिडकीसमोर कुणी उभं असावं आणि हात वर-खाली करत असावं तशी.

तेव्हा मला पडद्याच्या वरच्या कडेला तो बारीक हिरवा दिवा दिसला. लॅपटॉपचा कॅमेरा चालू असला की लागतो तो. कॅमेरा वापरेल असं काहीच चालू नव्हतं. मी आत्ताच सगळं तपासलं होतं.

काही विचार न करता मी हात पुढे केला आणि कॅमेऱ्यावर अंगठा ठेवला.

त्यांच्या चेहऱ्यावरची सावली थांबली.

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. आजाऱ्याच्या उशाशी कुणी मोठ्याने बोललं तर बघतात, तसं.

"राहू दे गं," त्या हळूच म्हणाल्या. "त्यांना दिसत नाही मग."

मी अंगठा काढला. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग ती सावली त्यांच्या गालावरून सरकली, आणि या वेळी ती परत मागे गेली नाही. जवळ येत राहिली.